वास्तुदृश्यांकन

वास्तुदृश्यांकन म्हणजे अद्याप न बांधलेली, पडून गेलेली किंवा केवळ कल्पनेत असलेली वास्तू ती समोर उभी असावी अशा रीतीने चित्ररूपात दाखविण्याची कला आणि तंत्र होय. इंग्रजीतून आलेली ‘आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशन’ ही संज्ञा व्यवसायात रूढ आहे. संगणकावर अंतिम चित्र सिद्ध करण्याच्या क्रियेला ‘रेंडरिंग’ आणि तयार चित्राला ‘रेंडर’ म्हणतात. पूर्वी हे काम जलरंग, शाई व पुठ्ठ्याच्या प्रतिकृती यांच्या साहाय्याने होत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते मुख्यतः संगणकावर होते. नकाशा वास्तूची मापे सांगतो. दृश्यांकन मात्र त्या वास्तूत कोण राहते, तेथे ऊन कोठून येते, पावसाळ्यात अंगण कसे दिसते, म्हणजेच एका अर्थाने वास्तूची गोष्ट सांगते. या कथनशक्तीमुळेच ते उपयुक्त ठरते आणि त्याच शक्तीमुळे ते फसवेही ठरू शकते.

संज्ञा आणि व्याप्ती

स्थापत्यातील आराखडा, छेद आणि दर्शनी उठाव ही तांत्रिक रेखाटने जाणकारांसाठी असतात. चौथऱ्याचा आराखडा पाहून घराची कल्पना करणे सामान्य माणसाला अवघड जाते. हा अडथळा दूर करण्यासाठी यथादर्शन पद्धतीने, म्हणजे दूरची वस्तू लहान व जवळची मोठी दिसेल अशा नियमाने, काढलेले चित्र वापरले जाते. यथादर्शनाचे गणिती नियम पंधराव्या शतकात इटलीतील फ्लॉरेन्स येथे फिलिप्पो ब्रुनेलेस्की याच्या प्रयोगांतून पुढे आले.

दृश्यांकनाचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार प्रस्तावित वास्तूचा : येथे चित्र आधी येते आणि इमारत मागाहून. दुसरा नष्ट वास्तूच्या पुनर्रचनेचा. तिसऱ्या प्रकारातील वास्तू कधीच बांधायची नसते. फ्रेंच वास्तुविशारद एतिएन-लुई बुले याने १७८४ मध्ये न्यूटनच्या स्मारकासाठी प्रचंड पोकळ गोलाची कल्पना चितारली. दिवसा घुमटाच्या छिद्रांतून येणारा प्रकाश आत ताऱ्यांसारखा दिसावा, अशी ती योजना होती. ती कधीच बांधली गेली नाही, तरी वास्तुकलेच्या इतिहासातून तिला वगळता येत नाही. लंडनच्या ‘आर्किग्राम’ या गटातील रॉन हेरन याने १९६४ मध्ये चालत्या शहराची चित्रे काढली. सोव्हिएत संघात १९८० च्या दशकात अलेक्झांडर ब्रोद्स्की आणि इल्या उत्किन यांनी प्रत्यक्ष बांधकामाची संधी नसताना कागदावरच इमारती रचल्या, आणि अशा मंडळींना ‘कागदी वास्तुविशारद’ हे नाव मिळाले. २०१३ पासून ‘फेअरी टेल्स’ या नावाची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. तिच्यात वास्तूची चित्रे आणि त्यांच्यासोबत लिहिलेली कथा अशी जोड प्रवेशिका मागविली जाते.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

चित्र दाखवून कथा सांगण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवीत कथन केले जाते. या चित्रांत राजवाडा दाखवायचा तर एखादी कमान आणि दोन खांब पुरतात; उरलेला वाडा निवेदकाच्या शब्दांनी श्रोत्याच्या मनात उभा राहतो. आजच्या दृश्यांकनाची दिशा नेमकी उलट आहे. तेथे वीट न् वीट दाखविली जाते आणि कल्पनेला जागा उरेलच असे नाही.

वास्तूचे मोजून-मापून चित्र काढण्याची पद्धत पुण्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस आली. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात काम करीत होता. त्याच सुमारास गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. देशी कारागिराची दृष्टी आणि पाश्चात्त्य यथादर्शन यांचा मेळ त्याच्या कामात दिसतो. महाराष्ट्रातील वास्तुचित्रणाच्या इतिहासात त्याला आरंभीचे स्थान द्यावे लागते. शालेय पुस्तकांतून मात्र हे नाव क्वचितच भेटते. पुढे जेम्स फर्ग्युसन याने भारतीय लेणी-मंदिरांची रेखाटने ‘कॅमेरा ल्यूसिडा’ या भिंगयंत्राच्या साहाय्याने केली आणि १८४५ मध्ये भारतातील लेण्यांवरील आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

मुंबईतील व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ही वास्तू दृश्यांकनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या या स्थानकाचे भव्य जलरंगचित्र १८७८ च्या सुमारास ॲक्सेल हेग या निष्णात चित्रकाराने काढले. त्याच वर्षी सुरू झालेले बांधकाम पूर्ण व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. तोवर लोकांनी स्थानक पाहिले ते चित्रातच. गेटवे ऑफ इंडियाची कथाही तशीच आहे. डिसेंबर १९११ मध्ये पाचवा जॉर्ज बादशहा मुंबईत उतरला तेव्हा त्याच्या स्वागतार्थ कल्पिलेली कमान अस्तित्वात नव्हती. होती ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. जॉर्ज विटेट याचा अंतिम आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि कमानीचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले.

नाटकाच्या पडद्यांचा उल्लेख केल्याशिवाय ही परंपरा पूर्ण होत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हा देखाव्यांचे रंगविलेले पडदे नव्हते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’नंतर संगीत रंगभूमी बहरत गेली, तशी रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, अरण्याचा पडदा अशी चित्रित पडद्यांची पद्धत स्थिरावली. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू या पडद्यांचे नामांकित चित्रकार होते. सपाट कापडावर खांबांच्या रांगा अशा रंगवायच्या की प्रेक्षकाला दालन खोल गेल्यासारखे भासावे, हेच त्यांचे कौशल्य. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि चित्रपटात चपट्या पडद्यांऐवजी घन, वावरता येतील असे देखावे उभे केले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले साहेबमामा फत्तेलाल हे १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यास गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीचे एक संस्थापक व कलादिग्दर्शक होते. पडदा, देखावा आणि संगणकीय प्रतिमान या एकाच वंशाच्या तीन पिढ्या आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

शहराच्या पातळीवरील कथनाचे उदाहरण म्हणून नव्या मुंबईची योजना पाहावी. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली आणि ‘मार्ग’ या नियतकालिकाने १९६५ मध्ये ती प्रसिद्ध केली. सरकारी फाइलीबाहेरच्या लोकांपर्यंत विचार पोहोचला तो लेख आणि रेखाटने यांच्या जोडीने. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली.

संगणकीय तंत्राचा विकास

आयव्हन सदरलँड याने १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही प्रणाली केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढता येण्याची ती सुरुवात. १९७५ मध्ये मार्टिन न्यूवेल याने युटा विद्यापीठात घरातील चहाच्या किटलीचे त्रिमित प्रतिमान तयार केले. गोलाई, पोकळी, कान आणि तोटी हे सारे एकाच वस्तूत असल्यामुळे प्रकाशाचे प्रयोग करण्यास ती किटली सोयीची पडली आणि आजही अनेक प्रणालींमध्ये ती नमुना म्हणून भेटते. वस्तूच्या चकाकीचे गणित ब्वी तुओंग फाँग याने त्याच काळात मांडले. टर्नर व्हिटेड याने १९८० मध्ये किरणमागोवा पद्धत विकसित केली आणि जेम्स काजिया याने १९८६ मध्ये रेंडरिंगचे सर्वसाधारण समीकरण दिले.

या समीकरणाचा आशय सोपा आहे. भिंतीवरील कोणताही बिंदू डोळ्याला जितका उजळ दिसतो त्यात त्याचा स्वतःचा प्रकाश असतो आणि इतर सर्व दिशांनी त्याच्यावर येऊन परतणारा प्रकाश असतो. माजघरात थेट ऊन येत नाही, तरी ते पूर्ण काळोखे नसते; चौकातील फरशीवर पडलेले ऊन उसळून आत येते. शेणाने सारवलेल्या जमिनीवरून उसळणारा प्रकाश पिवळसर तपकिरी असतो, शहाबादी फरशीवरून येणारा निळसर करडा. हा परतीचा प्रकाश संगणकाला मोजता येऊ लागला, तेव्हाच चित्रे छायाचित्रासारखी दिसू लागली.

प्रत्यक्ष काम चार टप्प्यांत चालते. आधी वास्तूचे त्रिमित प्रतिमान करावयाचे, मग पृष्ठभागांना दगड, लाकूड, चुना यांचे गुण द्यावयाचे, नंतर प्रकाश व कॅमेरा यांची जागा ठरवायची आणि शेवटी संगणकाला गणित करू द्यायचे. शेवटच्या टप्प्याला वेळ लागतो. चलचित्रात सेकंदाला २४ चित्रे धरली तर एका मिनिटासाठी १,४४० चित्रे लागतात. प्रत्येक चित्राला दहा मिनिटे लागत असतील तर एका यंत्राला अखंड दहा दिवस राबावे लागते. म्हणून मोठ्या कामांसाठी अनेक संगणक एकत्र जोडतात. ‘थ्रीडी स्टुडिओ’ आणि त्याची पुढील रूपे, ‘स्केचअप’, ‘व्ही-रे’, ‘लुमियन’ या प्रणाली व्यवसायात प्रचलित आहेत. ‘ब्लेंडर’ ही प्रणाली २००२ पासून मुक्त असून ती विनामूल्य मिळते. खेड्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय म्हणावी लागेल. संगणकीय खेळांसाठी विकसित झालेल्या प्रणालींमुळे अलीकडे डोक्याला चष्मा लावून न बांधलेल्या घरात फिरणेही शक्य झाले आहे.

निव्वळ कलाकृती म्हणून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द थर्ड अँड द सेव्हन्थ’ हा ॲलेक्स रोमन याचा लघुपट उल्लेखनीय मानला जातो. त्यातील जवळजवळ प्रत्येक दृश्य संगणकावर घडविलेले असूनही ते ओळखू येत नाही. इमारतीपेक्षा तीवरून सरकणारा प्रकाश हाच त्याचा विषय आहे.

कथनाची साधने

दृश्यांकनात कथा शब्दांनी सांगितली जात नाही. दृष्टीची उंची, दिवसाचा प्रहर, ऋतू, माणसे आणि वापराच्या खुणा यांतून ती सूचित होते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर ठेवला तर पाहणारा त्या वाटेने चालतो आहे असे वाटते, आणि पक्ष्याच्या उंचीवरून तो वास्तूचा मालक किंवा आक्रमक होतो. उंबऱ्याशी काढलेल्या वहाणा, कोनाड्यातील काजळी, दारावरची आदल्या सणाची वाळलेली तोरणे अशा बारीक खुणा घर राहते असल्याची साक्ष देतात. अनेक व्यावसायिक चित्रांत हे सारे पुसून टाकलेले असते. कोठे धूळ नाही, दोरीवर कपडे नाहीत. तेथील माणसेही बहुधा परदेशी चित्रसंग्रहातून उचललेली असतात आणि झाडे थंड प्रदेशातील. मग नगरच्या माळरानावरील इमारतीभोवती बाभूळ-निंबाऐवजी भलतीच हिरवळ पसरते.

सूर्याची दिशा हे साधन सर्वांत महत्त्वाचे असूनही तेथेच चुका अधिक होतात. पारनेर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि या दोहोंमधील काळात तो माथ्याच्या किंचित उत्तरेकडे असतो. उरलेल्या वर्षात तो दक्षिणेकडे कलतो. २१-२२ डिसेंबरला त्याची मध्यान्हीची उंची सुमारे ४७ ते ४८ अंश असते. म्हणजे उन्हाळ्यात उत्तरेच्या भिंतीवरही ऊन पडते आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या पडवीत ते खोलवर शिरते. जुने घर बांधणाऱ्या गवंड्याला हे पोथी न वाचता ठाऊक होते. संगणकाला ते अक्षांश, रेखांश व तारीख देऊन सांगावे लागते. दिले नाही तर तो कोणत्या तरी भलत्याच गावचे ऊन पाडतो.

बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) यांची चित्रे या संदर्भात वेगळी उठून दिसतात. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले दोशी २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळविणारे पहिले भारतीय वास्तुविशारद ठरले. आपल्या इमारतींची त्यांनी काढून घेतलेली चित्रे लघुचित्रशैलीकडे झुकणारी आहेत. त्यांत एकाच चित्रात छेद, आराखडा आणि देखावा एकत्र नांदतात, झाडे व माणसे आपापल्या जागी रमलेली असतात. ती चित्रे छायाचित्राची नक्कल करीत नाहीत आणि त्यामुळे ‘हे असेच दिसेल’ असा दावाही करीत नाहीत.

नष्ट वास्तूंची पुनर्रचना

महाराष्ट्रात या कलेची खरी कसोटी लागते ती वाडे आणि दुर्ग यांच्या बाबतीत. दगडी जोते टिकते, पण त्यावरील लाकडी इमला आगीने, वाळवीने किंवा लोकांनी सामान नेल्याने नाहीसा होतो.

पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील इमारती जळाल्या. आज तट, बुरूज, दिल्ली दरवाजासह पाच दरवाजे, जोती आणि सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे एवढेच उरले आहे. सातव्या मजल्यावरील मेघडंबरीतून आळंदीच्या देवळाचा कळस दिसत असे, अशी परंपरागत समजूत आहे. संगणकावर हा वाडा उभा करणाऱ्यास जोत्यावरून दालनांची लांबी-रुंदी मिळते. उंची, छत आणि नक्षी यांसाठी अन्य साधने शोधावी लागतात. गणेश रंगमहालाच्या अंतर्भागाचे प्रसिद्ध साधन म्हणजे १८०५ मधील टॉमस डॅनियल याचे दरबाराचे तैलचित्र. १७९० च्या तहाचा प्रसंग त्यात आहे. हे चित्र वेल्सकडे सोपविलेले होते. १७९५ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने ते इंग्लंडमध्ये पूर्ण केले. म्हणजे आपण ज्याला पुरावा म्हणतो तोदेखील एका चित्रकाराने दुसऱ्याच्या टिपणांवरून केलेले दृश्यांकनच आहे. त्याचा आधार घ्यावा, पण छायाचित्र समजून नव्हे.

रायगडाची अडचण याहून मोठी आहे. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक जेथे झाला ती राजसभा, राण्यांचे महाल, बाजारपेठ यांची जोती दिसतात. नगारखाना उभा आहे. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी लागलेल्या आगीत वाडे जळाले. समकालीन साधनांपैकी इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या वृत्तान्तात सिंहासनाचे आणि दाराशी उभ्या असलेल्या हत्तींचे वर्णन आहे, परंतु इमारतीचे मोजमाप नाही. जगदीश्वर मंदिराच्या संस्कृत शिलालेखात विहिरी, तलाव, हत्तिशाळा आणि गगनाला भिडणारे राजवाडे यांचा निर्देश येतो. हे विशेषण काव्याचे आहे. त्यावरून मजले मोजणे हे साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी पटणार नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या रायगडाच्या कितीतरी चित्रांत चार-चार मजली, सोनेरी घुमटांचे महाल दिसतात. काहींत विसाव्या शतकात सिंहासनाच्या जागी बसविलेली मेघडंबरीही १६७४ ची म्हणून दाखविलेली असते. २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने रायगडासह बारा दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यानंतर अशा चित्रांची मागणी वाढणे स्वाभाविक आहे.

जोत्यावरून वाडा उभा करण्याची एक शिस्तबद्ध रीत आहे. मराठी वाड्याचे माप ‘खण’ हे आहे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. खांब कुजला तरी त्याखालचा दगडी तळखडा बहुधा जागेवर असतो. तळखड्यांमधील अंतरे मोजली की खणांची संख्या कळते, खणावरून तुळईची लांबी आणि तुळईवरून तिची जाडी अदमासता येते. भिंतीत राहिलेल्या तुळयांच्या खोबणी मजल्याची उंची सांगतात. जिन्याच्या तळच्या पायऱ्या शिल्लक असल्यास त्यांच्या चढावरून वरची पातळी काढता येते. उरलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे खांबावरील हस्त, कडीपाट, गवाक्षांची नक्षी यांसाठी, त्याच काळातील व त्याच प्रदेशातील उभा असलेला वाडा शोधावा लागतो. येथे शेवटची अट फार महत्त्वाची आहे. कोकणातील उतरत्या कौलांचे छप्पर देशावरच्या वाड्याला घालून चालत नाही. नगरकडील कमी पावसाच्या मुलखात मातीचे सपाट धाबे किंवा माळवद असते आणि भिंती पांढऱ्या मातीच्या.

पारनेर तालुका या अभ्यासाला अनुकूल आहे. जामगाव येथे शिंदेकालीन वाडा आहे. पळशी येथे तटबंदीच्या आत होळकरांच्या सेवेतील पळशीकर घराण्याचा, लाकडी नक्षीकामासाठी ओळखला जाणारा वाडा आहे आणि तेथील विठ्ठलमंदिरही प्रेक्षणीय आहे. याच तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरचे लेणे मात्र वेगळ्या जातीचे. ते डोंगरात कोरलेले असल्यामुळे खांब, गर्भगृह, सप्तमातृकांचा पट ही शिल्पे जागच्या जागी आहेत. तेथे संगणकाने काही ‘उभे’ करावयाचे नसून फक्त दिव्याच्या उजेडात लेणे कसे दिसत असेल, एवढेच दाखवायचे उरते. विद्यार्थ्यांनी पुनर्रचनेचा आरंभ अशा ठिकाणी करावा हे बरे, कारण चूक झाली तर मूळ वास्तू समोर आहे.

अहिल्यानगर शहरालगतचा निजामशाहीतील फराहबाग महाल सोळाव्या शतकातला. एके काळी तो पाण्याने भरलेल्या विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी होता. तलाव आटला, महालाची पडझड झाली. येथे इमारतीपेक्षा पाणी परत आणणे हेच दृश्यांकनाचे काम आहे, कारण पाण्यातील प्रतिबिंबाविना त्या अष्टकोनी रचनेचा अर्थ लागत नाही. चांदबिबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची तीन मजली कबर सात मजल्यांची करावयाची होती आणि तीवरून दौलताबाद दिसावे असा हेतू होता, अशी आख्यायिका सांगतात. वरचे चार मजले संगणकावर चढवून पाहणे सोपे आहे. मात्र ते आख्यायिकेचे चित्र आहे, हे त्याखाली लिहिले पाहिजे.

सचोटीचे संकेत

अनुमान आणि पुरावा यांची सरमिसळ होऊ नये म्हणून २००६ मध्ये ‘लंडन सनद’ तयार झाली. तिची सुधारित आवृत्ती २००९ मध्ये आली. पुरातत्त्वीय दृश्यांकनासाठी २०११ ची ‘सेव्हिल तत्त्वे’ आहेत. आयकोमॉस या स्मारकविषयक जागतिक संस्थेने ती डिसेंबर २०१७ मधील नवी दिल्ली येथील महासभेत स्वीकारली. या संकेतांचा गाभा असा : चित्रातील कोणता भाग प्रत्यक्ष अवशेषांवर आधारलेला आहे, कोणता तुलनेने ठरविला आहे आणि कोणता निव्वळ कल्पिला आहे, हे पाहणाऱ्यास कळले पाहिजे. त्यासाठी भाग वेगवेगळ्या रंगांत दाखवितात, अनुमानित भाग अर्धपारदर्शक ठेवतात किंवा एकाच वास्तूची दोन-तीन पर्यायी रूपे शेजारी मांडतात. यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो. प्रेक्षकांना मात्र तो सर्वांत कमी आवडतो, कारण एकच ठाम चित्र हवे असते.

पुनर्रचनेपेक्षा नोंद ही वेगळी गोष्ट आहे. लेसर किरणांनी किंवा शेकडो छायाचित्रे जोडून उभ्या वास्तूचे अचूक मापन करता येते. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली तेव्हा अँड्र्यू टॅलन या अभ्यासकाने आधीच करून ठेवलेली लेसर मोजणी उपलब्ध होती. टॅलन त्यापूर्वीच निवर्तला होता. जे वाडे अजून उभे आहेत त्यांच्या बाबतीत सुंदर चित्रापेक्षा अशी रुक्ष नोंद अधिक तातडीची आहे. एक-दोन पावसाळ्यांत माळवद खचले की मोजायला काही उरत नाही.

चित्रपट

कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई (१९६५–२०२३) यांनी ‘लगान’, ‘देवदास’, ‘जोधा अकबर’ अशा चित्रपटांसाठी गावे व राजवाडे उभे केले आणि कलादिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळविले. कर्जतजवळील त्यांच्या स्टुडिओतील देखावे लाकूड, प्लॅस्टर व कापडाचे होते, म्हणजे नटाला हात टेकता येत असे. २०२० च्या ‘तान्हाजी’ या चित्रपटात कोंढाण्याचा मोठा भाग संगणकीय आहे. त्यातील खोल दऱ्या आणि अवाढव्य तोफ कथेला उठाव देतात. परंतु चित्रपट पाहून सिंहगडावर गेलेल्या मुलांना खरा गड लहान वाटतो, हा त्याचा एक परिणाम.

घरविक्री आणि कायदा

दृश्यांकनाचा सर्वाधिक वापर आज घरांच्या जाहिरातीत होतो. पायाही न खोदलेल्या इमारतीचे चित्र पाहून सामान्य कुटुंब आयुष्यभराची पुंजी गुंतवते. चित्रातील जलतरण तलाव, झाडांच्या रांगा, समोरचा मोकळा रस्ता यांच्याखाली बारीक अक्षरांत ‘कलाकाराची कल्पना’ असे छापलेले असते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील कलम १२ या बाबतीत महत्त्वाचे आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतील असत्य माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम देणाऱ्याचे नुकसान झाल्यास विकासकाने भरपाई द्यावी, आणि ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडावयाचे असल्यास गुंतवलेली सर्व रक्कम व्याजासह परत करावी, अशी त्यात तरतूद आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे देणे कलम ११ नुसार बंधनकारक आहे. महाराष्ट्रात ‘महारेरा’ हे प्राधिकरण मे २०१७ पासून कार्यरत असून ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणेही सक्तीचे झाले. तो मोबाइलवर उघडला की प्रकल्पाची नोंद पाहता येते. मंजूर आराखडा आणि रंगीत चित्र शेजारी ठेवून पाहणे हा ग्राहकासाठी उत्तम उपाय आहे : चित्रातील बाग आराखड्यात आहे का, चित्रात रिकामी दिसणारी शेजारची जागा कोणाची, गच्चीवरील सुविधा कोणत्या टप्प्यात येणार, हे तेथे कळते.

सार्वजनिक प्रकल्पांतही चित्र बांधकामाच्या फार पुढे धावते. मुंबईजवळ अरबी समुद्रातील प्रस्तावित शिवस्मारकाचे जलपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. त्याची संकल्पचित्रे वर्तमानपत्रांतून इतकी प्रसिद्ध झाली की स्मारक उभे असल्यासारखे वाटावे. २०१९ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर काम थांबले आणि समुद्रात ते उभे राहिलेले नाही.

शिक्षण आणि अलीकडील बदल

मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयासह राज्यातील वास्तुकलेच्या संस्थांत हाताने रेखाटन आणि संगणकीय प्रतिमान दोन्ही शिकवितात. या कामात वास्तुविशारदांखेरीज चित्रकार, अभियांत्रिकी पदविकाधारक आणि स्वतः शिकलेले तरुणही आहेत. जाळ्यामार्फत काम पाठविता येत असल्याने ते तालुक्याच्या ठिकाणी राहूनही करता येते.

२०२२ पासून वाक्य लिहून चित्र मिळवून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली सर्वांच्या हाती आल्या. पूर्वी प्रतिमान करणाऱ्याला प्रत्येक खांब कोठे आहे याचा निर्णय घ्यावा लागे. या प्रणाली तो निर्णय न घेताच चित्र देतात. ‘मराठा वाडा’ असे लिहिले की अनेकदा राजस्थानी झरोके, मोगली कमानी आणि दाक्षिणात्य खांब यांचे मिश्रण समोर येते, आणि ते इतके सफाईदार असते की शंका येत नाही. अशा चित्रात दिंडी दरवाजा कोणत्या देवडीत उघडतो किंवा जिना कोठे पोहोचतो, हे विचारले की उत्तर मिळत नाही, कारण त्यामागे वास्तूच नसते. असे चित्र इतिहासलेखात वापरावयाचे झाल्यास ते यंत्रनिर्मित असल्याचा उल्लेख चित्राच्याच तळाशी असावा. मजकुरात अन्यत्र दिलेली सूचना चित्र पुढे पाठविले जाताना मागे राहते.